लॅब्रॅडॉर मादीला एकदा तरी पिल्लं होऊ द्यावीत का?

वाळवंटीकाठचा
आमच्याकडे अडीच वर्षांची लॅब्रॅडॉर आहे, नाव जाई. गोव्यातल्या साखळी गावी जुनं घर, मागे कुळागर, म्हणजे पोफळी-माडांची बाग, त्यामुळे तिला हुंदडायला जागा भरपूर. आतापर्यंत तीनदा माजावर आली आणि तिन्ही वेळा तीन-तीन आठवडे आम्ही फाटकाला दोरी बांधून काढले.

गेल्या आठवड्यात फोंड्याचे एक ओळखीचे गृहस्थ आले. त्यांचा नर पेपरवाला, म्हणजे वंशावळीचं प्रमाणपत्र असलेला आहे. म्हणाले, पुढच्या माजाला लावू या. नराचं म्हणून त्यांना निवडीचं एक पिल्लू, बाकीची आमची. सात-आठ झाली तर प्रत्येकी पंधरा-वीस हजार कुठे गेले नाहीत, हा हिशेब त्यांनी चहा संपायच्या आत मांडला. पावसाआधी माडीची कौलं परतायची आहेत. खोटं कशाला बोलू, मन जरा पाघळलं.

आई म्हणते, मुक्या जिवाला एकदा तरी आईपण मिळायला नको? बाबा म्हणतात, "सुणें म्हळ्यार म्हस न्हय रे, वेतां मोजपाक." (कुत्रं म्हणजे म्हैस नव्हे, वेतं मोजायला.) बायको म्हणते, पिल्लांची शी तू काढणार असशील तर कर काय ते. मुलीने सात नावांची यादी करून फ्रिजवर चिकटवली आहे.

जाणकारांनी सांगा. एकदा व्यायल्याने मादीची तब्येत खरंच चांगली राहते का? आणि घरच्या घरी असं केलं तर त्याला परवाना वगैरे लागतो का?

तिसवाडीचा_तिसरा
सात नावं तयार आहेत म्हणजे निर्णय झालेला आहे. धागा केवळ औपचारिकता.

शेवंता_पेडणे
नको. इतकंच लिहून थांबणार होते, पण राहवत नाही.

मी मोरजी-मांद्रे पट्ट्यात किनाऱ्यावरच्या कुत्र्यांना खायला घालते. मे अखेरीस शॅक, म्हणजे किनाऱ्यावरची तात्पुरती हॉटेलं, मोडतात, पर्यटक जातात आणि हॉटेलच्या उरलेल्या मासळीवर वाढलेली ती सगळी जनावरं जून ते सप्टेंबर उपाशी हिंडतात. त्यात आजकाल गावठी कमी आणि 'जातीची' जास्त दिसू लागली आहेत. गेल्या पावसात एक हस्की सापडला. सैबेरियाच्या बर्फात गाडी ओढण्यासाठी तयार झालेलं जनावर, पेडण्याच्या दमट उन्हात कातडीला बुरशी लागलेलं, गोचिड्यांनी भरलेलं. कुणीतरी भाड्याचा फ्लॅट सोडताना त्यालाही सोडून गेलं. तोही कधीतरी कुणाच्या घरचं गोड पिल्लू होता आणि त्याचाही कुणीतरी चहा संपायच्या आत हिशेब केला होता.

तुमची सात पिल्लं चांगल्या घरी जातील. मग त्यातल्या चारांना वाटेल, आपणही एकदा पिल्लं घेऊ या.

गुरांचा_डॉक्टर
पहिल्या प्रश्नाचं उत्तर सरळ आहे. एकदा व्यायल्याने मादीच्या तब्येतीला कसलाही फायदा होत नाही. ही समजूत इतकी खोल आहे की माझ्याकडे येणाऱ्या दहांतले सहा जण ती बोलून दाखवतात, शिकलेलेही. कुत्रीला 'आईपण राहिलं' अशी खंत नसते. माज आला की शरीर मागणी करतं, माज गेला की ती विसरून जेवणाच्या ताटलीकडे बघते.

उलट, ऑपरेशन न केलेल्या मादीला उतारवयात गर्भाशयात पू होण्याचा धोका असतो, त्याला पायोमेट्रा म्हणतात. स्वीडनमध्ये विम्याच्या नोंदींवरून पाहिलं तेव्हा दहा वर्षांची होईपर्यंत साधारण चौथ्या हिश्शाच्या माद्यांना तो झालेला आढळला. आमच्याकडे तर लोक आणतात तेव्हा ती दोन दिवस नुसतं पाणी पीत असते आणि मालक सांगतात, "डॉक्टर, उन्हाळा आहे ना, म्हणून."

लॅब्रॅडॉरमध्ये आणखी एक गोष्ट बघावी लागते, ती म्हणजे खुबा आणि कोपर. खुब्याचा सांधा नीट न बसण्याचा दोष पिढीजात उतरतो. नर-मादी दोघांच्या खुब्यांचा एक्स-रे, तोही शक्यतो दोन वर्षं पूर्ण झाल्यावर काढलेला, बघितल्याशिवाय लावू नये. डोळ्यांचा पडदा हळूहळू निकामी करणारा एक आनुवंशिक आजारही या जातीत आहे, त्याची रक्तातून तपासणी होते. फोंड्याच्या गृहस्थांना विचारा, यातलं काय केलंय.

आणि 'पेपर' म्हणजे तब्येतीचा दाखला नव्हे. चेन्नईच्या केनेल क्लब ऑफ इंडियाचं प्रमाणपत्र वंशावळ सांगतं. आजोबा कोण ते कळतं, आजोबा लंगडत होते का ते कळत नाही.

आमोण्याची_सून
शेवटचं वाक्य आमच्या सासऱ्यांना वाचून दाखवलं. ते म्हणाले, स्थळं बघतानाही हेच असतं.

काळा_कोट
दुसऱ्या प्रश्नावर. केंद्राचे २०१७ चे कुत्र्यांच्या पैदास आणि विक्रीबाबतचे नियम आहेत, १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याखाली केलेले. पैदास करून विकणाऱ्याने राज्याच्या प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी करायची, शुल्क पाच हजार, मुदत दोन वर्षं. मादी अठरा महिन्यांची झाल्याशिवाय लावायची नाही, आठ वर्षांनंतरही नाही. वर्षातून एकदाच आणि आयुष्यात पाचहून जास्त वेळा नाही. पिल्लू आठ आठवड्यांचं होईपर्यंत विकायचं नाही, विकताना लसीकरण आणि मायक्रोचिप झालेली हवी. प्रत्येक जनावराची नोंदवही ठेवायची.

लोकांना वाटतं की हे मोठ्या केनेलवाल्यांसाठी आहे. व्याख्या वाचली तर त्यात व्यक्तीही आहे, दलालही आहे. 'आम्ही घरगुती' अशी सूट मला तरी त्यात दिसली नाही. विकणार असाल तर नोंदणी करा.

तिसवाडीचा_तिसरा
आणि नाही केली तर?

काळा_कोट
इथेच गोम आहे. मूळ कायद्यात क्रूरतेच्या पहिल्या गुन्ह्याला दंड दहा ते पन्नास रुपये. १९६० सालचे रुपये, तसेच राहिले. सुधारणेची चर्चा होते आणि विरते.

तिसवाडीचा_तिसरा
पन्नास रुपये! म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात एवढ्यात बरा नारळ मिळायची मारामार. म्हणजे नारळ फोडला की गुन्हा माफ.

केनेलवाला_फोंडा
(वरचे 'फोंड्याचे गृहस्थ' मी नव्हे, आधीच सांगतो.)

मी जर्मन शेफर्ड ठेवतो, नोंदणी आहे, वर्षाला एखादंच वेत. इथे ब्रीडर म्हटलं की लोक राक्षस समजतात, म्हणून थोडं माझं ऐका. मागच्या वेताला मादी रात्री अडीचला अडली. सिझेरियन झालं, सहांतली दोन मेली. उरलेल्या चारांना तिने पहिले तीन दिवस जवळ घेतलं नाही, म्हणून दर दोन तासांनी बाटली. तिसऱ्या आठवड्यापर्यंत पिल्लांना ऊब लागते, म्हणून बल्ब, त्यात आमच्याकडे पावसात वीज जाते ती सांगून जात नाही. नंतर जंताचं औषध, लशी, चिप, खाणं. आठ आठवडे चार पिल्लं घर कसं करून ठेवतात ते ज्याने केलंय त्यालाच ठाऊक. हिशेब मांडला तेव्हा हातात जे उरलं, त्यात कौलं सोडा, कौलं परतणाऱ्याची मजुरीही निघाली नसती.

मी पिल्लू देताना लिहून घेतो की ठेवता आलं नाही तर मलाच परत द्यायचं. आत्तापर्यंत दोन परत आली, दोन्ही ठेवून घेतली. शेवंताताई, तुमच्या हस्कीच्या ब्रीडरने हे केलं असतं तर तो किनाऱ्यावर आला नसता. दोष पैदाशीत आहे की जबाबदारी झटकण्यात, एवढंच विचारतो.

आणि ज्यांना जातीचं कुत्रं हवंय ते घेणारच. माझ्यासारख्याला हाकललंत तर ते फोनवर पैसे पाठवून खोक्यातलं घेतील.

बार्देसकार
खोक्यातलं आम्ही घेतलंय. दोन वर्षांपूर्वी मुलाच्या हट्टासाठी फोनवर फोटो बघून पग मागवला. घाटापलीकडून रात्रीच्या खाजगी बसने आला, चोर्ला घाट उतरून, केळ्यांच्या खोक्यात, वर भोकं पाडलेली. म्हापशाला पहाटे साडेपाचला ड्रायव्हरने हातात दिला. 'पंचेचाळीस दिवसांचा' म्हणून सांगितलं होतं. डॉक्टरांनी दात बघितले आणि म्हणाले, पस्तिसाच्या वर नसेल. पाचव्या दिवशी पार्व्हो, पिल्लांना होणारा विषाणूचा आजार. रक्ताचे जुलाब, सलाईन, आठव्या दिवशी गेला. विकणाऱ्याचा फोन तेव्हापासून बंद. मुलगा अजून केळी खात नाही.

गुरांचा_डॉक्टर
आठ आठवड्यांचा नियम याचसाठी. आईच्या दुधातून मिळालेलं संरक्षण उतरत असतं आणि लशीचं अजून चढलेलं नसतं, नेमक्या त्या फटीत ही पिल्लं प्रवासाला निघतात. शिवाय भावंडांबरोबर खेळतानाच पिल्लू शिकतं की किती जोरात चावलं तर समोरचा ओरडतो. पाचव्या आठवड्यात उचललेलं पिल्लू ते तुमच्या मुलांवर शिकतं.

पगबद्दल राग येतो तो वेगळाच. २००३ च्या सुमारास त्या मोबाइलच्या जाहिरातीत मुलाच्या मागे पळणारा पग आला आणि देशभर मागणी फुटली. चपटं नाक म्हणजे आत श्वासाची वाट चेपलेली. पगचं घोरणं लोकांना गोड वाटतं, प्रत्यक्षात ते जनावर हवेसाठी झगडत असतं. गोव्याच्या मे महिन्यात दुपारी फिरायला नेलेले पग माझ्याकडे जिभा निळ्या होऊन येतात. बुलडॉगचं तर डोकं इतकं मोठं आणि मादीचं ओटीपोट इतकं अरुंद करून ठेवलंय की ब्रिटनमधल्या एका पाहणीत ऐंशी टक्क्यांहून जास्त वेतं सिझेरियनने झालेली निघाली. स्वतःहून विऊ न शकणारी जात आपण तयार केली आणि तिला 'शुद्ध' म्हणतो.

स्विंडनकर
मूळचा काणकोणचा, आता इंग्लंडात. इथे २०२० पासून 'लूसीचा कायदा' आहे. लूसी ही पैदास-कारखान्यातून सोडवलेली कॅव्हेलियर जातीची एक कुत्री, पाठीचा कणा वाकलेला, सततच्या वेतांनी संपलेली. आता सहा महिन्यांखालचं पिल्लू दुकानातून किंवा दलालाकडून विकता येत नाही. घ्यायचं तर थेट पैदास करणाऱ्याकडून किंवा प्राण्यांच्या आसऱ्यातून. पिल्लू जिथे जन्मलं तिथे जाऊन, आईसोबत बघायचं. साधी अट आहे, पण खोकं आणि बस दोन्ही बाद होतात.

पळवाटा इथेही आहेत. शेजारच्या घरी भाड्याची 'आई' दाखवतात असं ऐकलं. माणूस सगळीकडे माणूसच.

हॉलंडने २०१९ पासून अगदी चपट्या नाकाच्या कुत्र्यांची पैदास रोखली आहे. नाकाची लांबी डोक्याच्या एक तृतीयांशाहून कमी असेल तर नाही.

तिसवाडीचा_तिसरा
फूटपट्टी घेऊन कुत्र्याच्या नाकापाशी कोण जाणार, पंचायत सचिव?

सदाशिव_ते_पर्वरी
पैदाशीवर एवढं बोलताय, पण गोव्यात खरा प्रश्न पिटबुलचा आहे. तो बंद करा आधी.

बार्देसकार
२०२४ च्या ऑगस्टमध्ये आमच्या तालुक्यात सात वर्षांचा मुलगा पिटबुलच्या हल्ल्यात गेला. त्यानंतर महिनाभर आमच्या वाड्यावर मुलांना कुणी एकटं दुकानावर पाठवलं नाही. त्यामुळे बंदी हवी म्हणणाऱ्यांना मी हसत नाही.

काळा_कोट
इतिहास असा. २०२४ च्या मार्चमध्ये केंद्राने राज्यांना पत्र पाठवून पिटबुल, रॉटवायलरसह तेवीस जातींची विक्री आणि पैदास थांबवायला सांगितलं, असलेल्यांची नसबंदी करा म्हटलं. महिन्याभरात कर्नाटक उच्च न्यायालयाने ते परिपत्रक रद्द केलं. पाळणाऱ्यांचं म्हणणं न ऐकता काढलेलं होतं. ती मुलाची घटना त्यानंतरची. मग गोवा सरकारने स्वतःच्या कायद्याची पावलं उचलली.

केनेलवाला_फोंडा
जातीवर बंदी घातली की लोक दुसऱ्या नावाने विकतात. चार जातींचा संकर करून 'बुली' म्हणतात, झालं. माझं मत, मालकाला धरा. साखळदंडाने दिवसभर बांधलेलं, कुणाला भेटू न दिलेलं, चिडवून चिडवून 'राखणीला तयार' केलेलं कुठलंही मोठं कुत्रं धोकादायक असतं.

शेवंता_पेडणे
अर्ध मान्य. पण लॅब्रॅडॉरने धरलं तर टाके पडतात आणि त्या जातीने धरलं तर ती सोडत नाही. पिढ्यान्पिढ्या झुंजीसाठी निवडून निवडून तसं घडवलंय, हा पैदाशीचाच प्रश्न आहे. जबाबदारी मालकाची आणि घडवणाऱ्याचीही. तुम्ही स्वतः नर निवडताना शांत स्वभाव बघत नाही का? म्हणजे स्वभाव उतरतो हे तुम्हालाही मान्य आहे.

केनेलवाला_फोंडा
बघतो. हा मुद्दा बरोबर आहे, मागे घेतो थोडं.

आमोण्याची_सून
धाग्यावर कुणीतरी मत बदललं. तारीख लिहून ठेवा.

सत्तरीचो_शेतकार
आमच्याकडे काजूच्या बागायतीत तीन गावठी कुत्री आहेत. माकडं आली की ती आधी ओरडतात, मग आम्ही उठतो. शिळी भाकरी, पेज, कधी सुक्या मासळीचं डोकं. डॉक्टरकडे वर्षातून एकदा लशीपुरती, तीही रेबीजची गाडी गावात येते म्हणून. ना खुबा, ना श्वास, ना केस गळणं. एवढ्या वर्षांत कुणी मला त्यांचे पेपर विचारले नाहीत.

गुरांचा_डॉक्टर
शेतकारांनी सगळ्यांत महागडा सल्ला फुकट दिला. गावठी कुत्र्यात निवड माणसाने केलेली नाही, रस्त्याने आणि पावसाने केली आहे.

अवांतर, पण त्या रेबीजच्या गाडीचं श्रेय द्यायलाच हवं. २०१४ पासून दरवर्षी गावोगाव कुत्री पकडून टोचली आणि २०२१ मध्ये गोवा देशातलं पहिलं रेबीज-नियंत्रित राज्य जाहीर झालं. आपल्याकडे कुठलीच गोष्ट होत नाही म्हणणाऱ्यांसाठी.

सदाशिव_ते_पर्वरी
देशी जाती हव्यात तर मुधोळ घ्या की. राजेशाही कुत्रा.

केनेलवाला_फोंडा
मुधोळ बागलकोटच्या माळरानावर पळायला झालेला, पर्वरीच्या दोन बेडरूममध्ये नको. देशी म्हणून घेतला तरी जनावराची गरज बघावीच लागते. २०२० मध्ये पंतप्रधानांनी रेडिओवर देशी जातींचं कौतुक केलं, त्यानंतर माझ्याकडे मुधोळसाठी फोन येऊ लागले. माझ्याकडे शेफर्ड आहेत, तरीही.

शेवंता_पेडणे
वाळवंटीकाठचे कुठे गेले? धागा काढून कौलं परतायला गेले का?

वाळवंटीकाठचा
आहे, सगळं वाचत होतो. आईला डॉक्टरांचा पहिला प्रतिसाद मोठ्याने वाचून दाखवला. ती म्हणाली, "डॉक्टराक कितें कळटा बायल मनशाचें." मी म्हटलं, आई, जाई बायल मनीस नव्हे. वाद तिथेच थांबला, कारण जेवायची वेळ झाली.

मग फोंड्याच्या गृहस्थांना फोन केला. खुब्याचा एक्स-रे आहे का विचारलं. ते म्हणाले, "अहो, पळतोय ना चांगला, मग एक्स-रे कशाला?" डोळ्यांची तपासणी? "रात्री मांजर दिसतं त्याला." नोंदणी? तिथे ते जरा घुश्शात आले. म्हणाले, एका वेताला कुणी नोंदणी करतं का. शेवटी म्हटलं, निदान पेपरचा फोटो तरी पाठवा. तो पाठवला.

जाईचे पेपर कपाटात होते, कधी उघडून नीट बघितलेच नव्हते. काल रात्री बायकोने दोन्ही शेजारी ठेवले. बापाच्या रकान्यात एकच नाव, एकच नोंदणी क्रमांक. आई वेगळ्या, बाप एक. त्यांना परत फोन केला तर म्हणाले, "मग काय झालं? आई वेगळी आहे ना!"

तिसवाडीचा_तिसरा
सख्खे नाहीत, सावत्र आहेत, चालतंय. महाभारतात याहून गुंतागुंत आहे.

गुरांचा_डॉक्टर
चालत नाही. एका बापातला दडलेला दोष दोन्ही बाजूंनी आला की पिल्लांत उघडा पडायची शक्यता वाढते. आणि यात एक जास्त वाईट गोष्ट आहे. गोव्यातल्या लॅब्रॅडॉरमध्ये हा नर किती ठिकाणी 'बाप' असेल याचा विचार करा. एकच नर गावोगाव फिरवतात आणि पाच वर्षांनी त्याचीच नातवंडं एकमेकांना लावतात. बाहेरून कुत्री आणावीत तर व्यापारी पैदाशीसाठी आयात करायला केंद्राने २०१६ मध्ये बंदी घातली. बंदी योग्यच, पण मग असलेल्यांची नोंद तरी नीट हवी. चिप आणि नोंदवही लागते ती याचसाठी.

जाईचा शेवटचा माज कधी झाला?

वाळवंटीकाठचा
संक्रांतीच्या आसपास संपला.

गुरांचा_डॉक्टर
मग एप्रिलमध्ये करून घ्या ऑपरेशन. माजानंतर दोन-तीन महिने जाऊ द्यायचे, रक्तपुरवठा उतरतो, टाके कमी त्रासाचे. पावसाच्या आत जखम सुकलेली बरी. नंतर खाणं मोजून द्या. लॅब्रॅडॉर आधीच खादाड, काहींच्या जनुकातच पोट भरल्याची खूण बिघडलेली असते, वर ऑपरेशन झालं की वजन चढतं.

केनेलवाला_फोंडा
बरोबर निर्णय. फोंड्याच्या त्या गृहस्थांचा नंबर मला निरोपातून पाठवा, नोंदणी कशी करायची ते मीच जाऊन सांगतो. रागावतील, रागावू देत.

वाळवंटीकाठचा
पाठवतो. देव बरें करूं सगळ्यांना. कौलं यंदा पतसंस्थेच्या कर्जातून. एकच अडचण उरली आहे. फ्रिजवरची यादी. मुलगी काढू देत नाही.

शेवंता_पेडणे
मांद्र्यात एका बंद शॅकखाली कुत्री व्यायली आहे. आईला पकडून ऑपरेशनला द्यायचं ठरलंय. पिल्लं पाच आठवड्यांची, दोन काळी, एक तांबूस. अजून तीन आठवडे थांबावं लागेल, नियम तो नियम. यादीतलं एक नाव आत्ताच खर्ची घाला.

वाळवंटीकाठचा
बायको मागून वाचते आहे. विचारते, शी कोण काढणार?